आधी पाटणा

आमचे अण्णा बिराजदार रोज दुपारचा चहा झाला की पाटण्याच्या विमानाची तिकिटं बघतात. पाटण्यात त्यांचं कुणी नाही. पाटण्याला ते कधी गेलेले नाहीत, जाणारही नाहीत. पाटणा नक्की कुठे आहे असं विचारलं तर "वर, उजव्या अंगाला" एवढंच सांगतील. पण कुणाला कुठल्याही गावाचं स्वस्त तिकीट शोधून द्यायचं असलं की अण्णा आधी पाच मिनिटं पाटणा न्याहाळतात. सकाळचं विमान, संध्याकाळचं विमान, खिडकीची जागा, सगळं. मग बेत फसल्यासारखं तोंड करून फोन टेबलावर पालथा ठेवतात, चिमूटभर बडीशेप तोंडात टाकतात आणि मगच खऱ्या गावाचं नाव टाइप करतात.

मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा न राहवून म्हणालो, "अण्णा, मला भोपाळला जायचंय. पाटणा कशाला?"

"हळू बोला मास्तर," त्यांनी फोनकडे बोट दाखवलं. "ऐकतंय ते."

अण्णा मूळचे कर्नाटकाच्या वेशीवरच्या मैंदर्गीचे. त्यांचे वडील बैलांची खरेदी-विक्री करायचे. "माझा बाप बाजारात गेला," अण्णा सांगतात, "की ज्या बैलावर मन बसलंय त्याच्याकडं ढुंकून बघायचा न्हाई. शेजारच्या मोडक्या शिंगाच्या बैलाचे दात बघत अर्धा तास काढायचा. मग निघता निघता, उगं आपलं विचारायचं म्हणून, 'आणि ह्याचं काय म्हणता?' गरज डोळ्यात दिसली की भाव चढतो, मास्तर. दोनदा बघितलं की संपलं. बैल असू दे, न्हाई तर विमान."

यातलं किती खरं मला माहीत नाही. पण अण्णांची तिकिटं स्वस्त निघतात, हे आमच्या जुळे सोलापुरातल्या गल्लीत कुणीही सांगेल. एक मात्र झालं. अण्णांच्या फोनला त्यांना पाटण्याचाच ध्यास लागलाय असं वाटतं. पाटण्यातली हॉटेलं, पाटण्यातल्या टॅक्स्या, पाटण्यात आठवड्याच्या सुट्टीत काय पाहाल, असल्या जाहिराती दिवसभर येत राहतात. मी त्या बंद करून देतो म्हटलं तर अण्णांनी हात आडवा घातला.

"असू द्या की. एवढ्या अगत्यानं बोलवत्यात बिचारे."

अण्णांनी एका साखर कारखान्यावर तेहतीस वर्षं वजनकाट्यावर क्लार्क म्हणून काम केलं. उसानं भरलेली गाडी काट्यावर यायची, तिचं वजन घ्यायचं. ऊस उतरवून रिकामी गाडी परत यायची, तिचंही वजन घ्यायचं. मधला फरक तो ऊस. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, पण अण्णांच्या डोक्यातला काटा काही हलला नाही. प्रत्येक माणसात त्यांना एक भरलेली गाडी आणि एक रिकामी गाडी दिसते. गल्लीतलं कुणी सासरहून फुगून आलं की म्हणणार, "भरून आली गाडी." कुणी नुसतंच बडबडून गेलं की, "रिकामी होती, आवाज लई."

मी त्यांचा वरच्या खोलीतला भाडेकरू. माझे वडील वैरागच्या बाजारात पोती उचलायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. एम. एस्सी. झालो तेव्हा वडिलांनी निकालाचा कागद उलटा धरून पाहिला होता आणि तरीही सगळ्यांना दाखवला होता. पुढे भोपाळच्या एका निवासी शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. रेल्वेचं आरक्षण मिळेना आणि दिवस चार राहिलेले. विमान हा शब्द आमच्या घरात फक्त वर बघून उच्चारला जायचा. अण्णांनी पाटणा केलं, बडीशेप खाल्ली, पुणं पाहिलं, कलबुर्गी पाहिलं आणि शेवटी हैदराबादहून असं तिकीट काढलं की माझ्या शिकवणीच्या पगारात ते मावलं.

"इथनं हैदराबाद एसटी. डबा बांधून घ्या. विमानतळावर खायचं न्हाई, तिथं चहासुद्धा नटून येतो."

मग सामानाचं वजन सुरू झालं. हातातल्या पिशवीला सात किलोची मर्यादा. अण्णांकडे एक हुकाचा काटा आहे. तो त्यांनी दाराच्या चौकटीला अडकवला आणि आधी माझी रिकामी बॅग लटकवली.

"अण्णा, रिकामी कशाला?"

"मग भरल्याचं कळणार कसं तुमाला?"

आईनं वैरागहून कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवली होती. काटा सातच्या पुढे गेला. अण्णांनी माझे बूट पायात घालायला लावले, पुस्तक खिशात कोंबायला लावलं, जाड स्वेटर अंगात चढवायला लावला. ऐन एप्रिलमध्ये. चटणीला मात्र त्यांनी हात लावला नाही. ती नोकरी मला मिळाली नाही. परत आलो तेव्हा मान वर होत नव्हती. अण्णा गेटवरच उभे होते. "रिकामी गाडीबी काट्यावर यावी लागती, मास्तर," ते म्हणाले, "तवाच पावती पुरी होती. चला, जेवायला." पुढे मला इथेच कॉलेजात जागा मिळाली. तरी आजही कुठे हरून आलो की मला ते गेट आठवतं.

शेजारच्या नरसम्मा अण्णांना कायम टोचतात. त्यांचं घर विणकराचं. चौघं मुलं चार गावांना पांगलेली, आणि त्या चौघांची जाण्यायेण्याची तिकिटं अण्णाच काढतात.

"सगळ्या गल्लीला इमानात बशिवलं," त्या कुंपणावरून म्हणतात, "तुमी कवा बसनार ओ? पोरगा दिल्लीला हाय की!"

"माझं वजन बसत न्हाई त्यांच्या नियमात," अण्णा म्हणतात.

अण्णांचा मुलगा शिवानंद दिल्लीत नोकरीला आहे. सून आहे, सात वर्षांची नात आहे. अण्णांच्या पत्नी जाऊन पाच वर्षं झाली. तेव्हापासून खालच्या चार खोल्यांत अण्णा एकटे. मी एकदा विचारलं होतं, तुम्हीच का जात नाही दिल्लीला? त्यावर त्यांनी कारखान्याचाच नियम सांगितला. ऊसतोडीची चिठ्ठी आल्याशिवाय गाडी काट्यावर आणायची नसते. आणली तर रांगेत उभी राहते, सगळ्यांची अडचण होते. "चिठ्ठी येऊ दे," म्हणाले. "मग बघू."

त्यांना हा स्मार्टफोन मीच शिकवला. पत्नी गेल्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीची गोष्ट. जुना बटणांचा फोन बाजूला ठेवून ते नवा फोन घेऊन वर आले आणि म्हणाले, "मास्तर, ह्यात दिल्लीचं तिकीट कुटं बघायचं तेवढं दाखवा. बाकी काय नको." बँक नको, बातम्या नकोत. दिल्लीचं तिकीट. शिवानंद फोनवर दर वेळी म्हणायचा, "अप्पा, यायचं मनात लई आहे, पण तिकिटं किती महाग झालीत!" अण्णांनी हे शब्द पावतीसारखे जपून ठेवले होते. तिकीट महाग आहे ना? मग स्वस्त शोधू. पाटण्याची युक्ती तिथे जन्मली. बाकी आम्ही सगळे, मी, नरसम्मांची मुलं, पुढच्या गल्लीतले लोक, हे त्या शोधात आपोआप निघालेलं उपउत्पादन. साखर करताना मळी निघते, तसं.

हे सगळं मला नीट कळलं ते गेल्या डिसेंबरात.

रविवारची दुपार होती. मला आईवडिलांना विमानात बसवायचं होतं. वडिलांनी जन्मभर पाठीवर वजनं वाहिली, एकदा तरी त्यांना कुणीतरी उचलून न्यावं असं मनात होतं. आता आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याला विमान जातं, आणि वडिलांनी समुद्र पाहिलेला नाही. मी खाली गेलो. अण्णा ऐकून इतके खूश झाले की दोनदा उठून बसले. "बाबांना खिडकी," म्हणाले. "आणि आईला मधी. बाबा घाबरले तर धरायला."

पाटणा झालं. बडीशेप झाली. फोन सुलटा करून त्यांनी गोवा लिहायला घेतलं, तेवढ्यात बोट कुठेतरी चुकीचं लागलं आणि आधीचं एक पान उघडलं. दिल्ली ते पुणे. तारीख संक्रांतीच्या दोन दिवस आधीची, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला वेळेवर पोचवणारी. मोठे दोन, लहान एक. आणि भाडं एवढं कमी की मी ओरडलोच.

"अण्णा! एवढ्यात तर रेल्वेनंसुद्धा होत नाही. पाठवा की शिवानंददादांना!"

अण्णांनी फोन माझ्यापासून थोडा दूर धरला. आणि योगायोग असा की त्याच मिनिटाला फोन वाजला. शिवानंदचाच. अण्णांना कमी ऐकू येतं, म्हणून ते स्पीकर लावतात. उठून जावं असं वाटलं, पण त्यांनी हातानं मला बसवलं.

"ऊटा आयता?" अण्णांनी विचारलं. जेवण झालं का, हा त्यांचा फोनवरचा पहिला प्रश्न. दोघं निम्मं कन्नड, निम्मं मराठी बोलतात. जेवण झालं होतं. थंडी लई होती. नातीचा दात पडला होता.

"अप्पा," शिवानंद थोडं थांबून म्हणाला, "संक्रांतीला यायचं बघत होतो. पण तिकिटं..."

मी अण्णांकडे पाहिलं. आता सांगतील. तीन वर्षं ज्यासाठी पाटणा केलं, ते तिकीट फोनच्या पडद्याआड उभं होतं. नुसतं नाव घ्यायचं बाकी होतं.

"व्हय की," अण्णा म्हणाले. "मी बी बघितली. आग लागलीया नुसती. परवडायचं न्हाई. नको येऊ, उगं ओढाताण. पुढच्या वर्षी बघू. पोरीचा दात कुटला पडला? वरचा का खालचा?"

पलीकडे शिवानंदचा आवाज एकदम सैल झाला. हसला. वरचा, म्हणाला. पोरीला फोन दिला. पोरगी "आज्जा, आज्जा" करत दाताची गोष्ट सांगत राहिली आणि अण्णा अगदी मन लावून तिला उपप्रश्न विचारत राहिले. पंधरा मिनिटं. एरवी यांचा फोन तीन मिनिटांत आटपतो हे मला वर ऐकू येत असे.

फोन ठेवल्यावर मी गप्प बसू शकलो नाही. "खोटं का बोललात अण्णा?"

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"पहिल्या वर्षी मी पाठवलं त्याला स्वस्तातलं तिकीट. लई हौसेनं. तर सुट्टी न्हाई म्हणाला. दुसऱ्या वर्षी पाठवलं, तर पोरीची परीक्षा. मास्तर, त्याला काय तरी नवीन शोधावं लागायचं. शोधताना आवाज बारीक व्हायचा त्याचा. आणि मग महिना महिना फोन न्हाई. लाजायचा." चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तिकीट महाग हाय म्हटलं की दोष विमानाचा. स्वस्त झालं की दोष माझ्या पोराचा. मग महागच असलेलं बरं की. फोन तरी येतो."

"पण यायला काय हरकत आहे त्यांना?"

"येऊन काय बघायचं त्यानं? आई न्हाई. मी हाय, मला बघितलंय त्यानं." आणि लगेच, "चला, गोवा. भाव चढायच्या आत."

त्यांनी मन लावून आमची तिकिटं शोधली. वडिलांना खिडकी मिळाली. वडिलांच्या आधार कार्डावरचं नाव पाहून भरायचं होतं, म्हणून मी कार्ड आणायला वर गेलो. ते ट्रंकेतल्या फाईलमध्ये होतं, सापडायला पाचसात मिनिटं गेली.

परत आलो तेव्हा अण्णांची दाराकडे पाठ होती. फोन नाकाजवळ धरला होता. मला वाटलं, पुन्हा पाटणा चाललंय. जवळ गेलो तर पाटणा नव्हतं. दिल्ली ते पुणे. मोठे दोन, लहान एक. ते पान बंद करत होते, उघडत होते, पुन्हा बंद करत होते, पुन्हा उघडत होते. बडीशेप नाही, आडवाट नाही. ज्या बैलावर मन बसलंय त्याच्याकडे अण्णा सरळ, टक लावून, गरज लपवायचा जरासुद्धा प्रयत्न न करता बघत होते.

"अण्णा, हे काय? असं बघितलं तर भाव चढेल ना?"

"चढायलाच पायजे," ते फोनवरची नजर न काढता म्हणाले.

आणखी दोनदा त्यांनी पान उघडलं. तिसऱ्यांदा आकडा बदलला. बराच वर गेला. अण्णांनी फोन माझ्यापुढे धरला. एखादं भोपाळ, एखादं गोवा स्वस्तात मिळाल्यावर त्यांचा चेहरा होतो, तसाच होता.

"चढलं बघा, मास्तर. आता पोराचा शब्द खरा झाला."

मग त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला, बडीशेपेचा डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "बाबांचं नाव सांगा. सावकाश. एक अक्षर चुकायला नको."