जड स्टिअरिंगचा गुन्हेगार

“माझ्या नजरेतून डाससुद्धा सुटत नाही. गुन्हेगार मला बघूनच कबुली देतो,” असं भिंगराव आरशाला सांगत होते, तेव्हा त्यांच्या एका पायात मोजा होता आणि दुसरा मोजा सापडत नव्हता. नोकरी बस डेपोत, लोकांनी विसरलेल्या छत्र्या सांभाळायची. पण खिशात भिंग असल्यामुळे ते स्वतःला गुप्तहेर समजत. गल्लीनं त्यांना भिंगराव केलं आणि बायकोनं केव्हाच हात टेकले.

आज मात्र तिला हसू येत नव्हतं. ती नर्स. येत्या सोमवारपासून गावाबाहेरच्या दवाखान्यात मोठ्या सिस्टरची जागा मिळाली होती, पण तिकडे बस जात नव्हती. आज अकराला ड्रायव्हिंगची परीक्षा, तीही तिसऱ्यांदा. आणि स्टिअरिंग रविवारपासून असं जड झालं होतं की एक वळण घेईपर्यंत खांदे भरून यायचे.

“घातपात!” भिंगराव गाडीभोवती फिरत म्हणाले. “चाकांतली हवा कुणीतरी काढली असणार.”

“हवा मी कालच तपासली. बरोबर आहे.”

“मग तेल चोरलं!” त्यांनी स्टिअरिंगच्या तेलाची डबी उघडली. तेल काठोकाठ होतं. “बघ, चोरलंच नाही! किती धूर्त माणूस आहे!”

मग संशय समोरच्या न्हाव्यावर गेला, कारण त्याला गाडीची जागा हवी होती. मग बॉनेटवरच्या पावलांवरून मांजरावर. मांजराची उलटतपासणी झाली आणि भिंगरावांच्या मनगटावर तीन ओरखडे उमटले. शेवटी ते हळूच म्हणाले, “अगं, तूच घाबरून स्टिअरिंग घट्ट धरतेस का?”

“अहो!” ती एवढंच म्हणाली. मांजरसुद्धा पळालं.

साडेनऊ वाजले तशा सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलेली बाई. “गाडी सुरू कर गं,” म्हणाल्या आणि उघड्या बॉनेटमध्ये डोकावल्या.

“अरे, पट्ट्यावर सगळी चाकं फिरताहेत. हे एकटंच गप्प का?”

“ते होय?” भिंगराव म्हणाले. “त्याला मी रविवारी निर्दोष सोडलं.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. जुना पट्टा किंचाळतो म्हणून भिंगरावांनी स्वतःच नवा आणून बसवला होता. तो चार बोटं आखूड निघाला. तेव्हा त्यांनी निष्कर्ष काढला, की हे जास्तीचं चाक चोरांची दिशाभूल करायला ठेवलंय, आणि ते वगळूनच पट्टा चढवला.

“मेल्या, त्याची नळी बघ कुठे जाते! थेट स्टिअरिंगकडे!” सासूबाई कडाडल्या. “पट्टा चाकावर नसेल तर माझ्या मशीनची सुई हलायची नाही. हे तुझ्या भिंगातून दिसलं नाही?”

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. “चार दिवस मी स्वतःलाच दोष देतेय हो. वाटलं, माझ्याच हातात दम नाही.”

भिंगरावांना खरंच लाज वाटली. ते आत जाऊन एक पिशवी घेऊन आले. तिच्यावर लिहिलं होतं, ‘पुरावा क्रमांक एक’. आत जुना पट्टा होता. इंजिन बंद करून, आईच्या शिव्या खात, त्यांनी तो सगळ्या चाकांवरून घातला. गाडी सुरू होताच पट्टा किंचाळला, पण स्टिअरिंग एका बोटानं वळलं.

“गाडी फार ओरडते तुमची,” अकरा वाजता मैदानावर परीक्षक म्हणाले.

“ओरडू द्या साहेब. वळते तरी,” ती म्हणाली. चार दिवस ते धूड ओढल्यावर आज गाडी मागे घेऊन लावणं म्हणजे पोरखेळ होता. ती पास झाली.

भिंगरावांनी तिचं अभिनंदन केलं आणि मग त्यांचा चेहरा पडला. “म्हणजे सोमवारपासून तू एकटीच जाणार? सकाळी तुला सोडायला मी नको?”

अख्ख्या दिवसात त्यांनी विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न होता. तिला हसू आलं आणि गलबलूनही आलं.

“तुमचा डेपो वाटेतच आहे. मीच सोडत जाईन तुम्हाला. पण बॉनेटला हात लावलात, तर चालत जायचं.”

“कबूल,” म्हणत भिंगराव घरी परतायला निमूट मागच्या सीटवर बसले, कारण पुढे आई आधीच बसल्या होत्या.