सुनंदाताईंची दोन मिनिटं

प्रिय रेवा आणि निशांत,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या शेजारी बसलेल्या आजींना पाहून निशांतने विचारलं, "या आजी रागावल्यात का?" मी घाईघाईने विषय बदलला. ते माझं चुकलं, कारण त्यांनी प्रश्न ऐकला होता. म्हणून त्या कोण, हे आज क्रमाने लिहिते आहे. जड वाटलं तर बाबाला वाचून दाखवायला सांगा. तोही यात आहे.

त्या सुनंदाताई. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. एके काळी त्यांच्यामुळे लिफ्ट अडायची. लिफ्टमध्ये कुणाच्या हातात तान्हं बाळ दिसलं की त्या दाराला पाय लावून त्याच्याशी बोलत. एक वाक्य बोलत आणि थांबत. ऑफिसच्या घाईतले खुरानाजी बटण दाबत राहिले, तर त्यांना शांतपणे सांगत, "भाईसाहब, अब इसका टर्न है." बाळ ओठ हलवी, पाय झाडी, शेवटी एखादा हुंकार देई. मग पाय निघे आणि लिफ्ट हले.

सुनंदाताई मूळच्या भंडाऱ्याच्या. इथे एका सरकारी संस्थेत तान्ह्या मुलांवर संशोधन करत. लग्न केलं नाही. गळ्यात कायम स्टॉपवॉच. बाळाला कुणी गोंडस म्हटलं की त्यांना चालत नसे. "गोंडस ही काय नोंद झाली? ते कुठं बघतंय ते सांग." बारशाला गेल्या की बाळाने आईकडे किती वेळ पाहिलं आणि आत्याकडे किती, हे वहीत टिपत, आणि आत्याला सांगतही. पुढे बारशाची आमंत्रणं कमी झाली.

तुमचा बाबा पाच महिन्यांचा असताना त्या आम्हा दोघांना संस्थेत घेऊन गेल्या. प्रयोग साधा होता. आईने बाळाशी खेळायचं आणि मग एकदम दोन मिनिटं चेहरा कोरा ठेवायचा. हसायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं बघायचं. बाळ काय करतं ते त्या पडद्याआडून टिपणार. मला नियम पाळायची सवय. मी दगडासारखी बसले. तुमचा बाबा आधी हसला. मी हसले नाही. त्याने पुन्हा हसून पाहिलं, हात पुढे केले, ओरडला आणि मान फिरवून रडायला लागला. तेवढ्यात सुनंदाताई पडद्यामागून बाहेर आल्या. "झाली दोन मिनिटं. घे त्याला."

समोर भिंतीवर घड्याळ होतं. एक मिनिटही झालं नव्हतं. मी तसं म्हटलं.

"माझ्या घड्याळात झाली," त्या म्हणाल्या.

पुढे कळलं, त्यांच्या घड्याळात प्रत्येक बाळाची दोन मिनिटं अशीच, ते रडलं की, होत. वरिष्ठांनी सगळ्या नोंदी रद्द केल्या. तो शोधनिबंध कधीच छापून आला नाही. कुणी विषय काढला तर त्या एवढंच म्हणत, "ते बाळ विचारत असतं, यार."

तीन वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्स झाल्याचं कळलं. आधी हात थरथरू लागले, मग चेहऱ्याचे स्नायू आखडले. हसू आत येतं, चेहऱ्यावर पोचत नाही. आवाज बारीक झाला आहे आणि उत्तराला वेळ लागतो. लोकांना वाटतं, बाईंना कळलं नाही. मग ते मोठ्याने पुन्हा विचारतात, नाहीतर त्यांच्याबद्दलचं मलाच विचारतात.

यंदा जानेवारीत मी त्यांना खाली लॉनवर उन्हात नेलं. तळमजल्यावरच्या नेहाने आपला सहा महिन्यांचा मुलगा त्यांच्यासमोर धरला. तो हसला आणि वाट पाहत राहिला. पुन्हा हसला, हात पुढे केले. मग मान फिरवून रडायला लागला. सगळं त्याच क्रमाने. नेहा ओशाळली आणि "आंटी, इसे नींद आ रही है," म्हणत त्याला घेऊन गेली.

 वर जाताना लिफ्टमध्ये सुनंदाताई म्हणाल्या, "झोप नव्हती आली त्याला. त्याने विचारलं. मी उत्तर दिलं नाही." आमचा मजला आला तेव्हा म्हणाल्या, "हे घड्याळ बंद करायला कोणी नाही, नलिनी."

त्यानंतर त्या खाली उतरलेल्या नाहीत. गॅलरीतून एखादं बाळ दिसलं तरी आत जातात. तुम्ही मोठे आहात, बघून रडत नाही, म्हणून तुमच्या फोनला तेवढ्या येऊन बसतात.

निशांत, तुझ्या प्रश्नाला त्या उत्तर देतच होत्या. मी मध्ये बोलले. फोन ठेवून मी चहा केला, कप त्यांच्या हाताला लावून धरला, तेव्हा कुठे त्यांचे शब्द बाहेर आले.

"त्याला सांग, मी हसत होते."

येत्या रविवारी त्यांना काहीतरी विचारा आणि मग गप्प बसा. टर्न त्यांचा असेल. मीही मध्ये बोलणार नाही. वेळ लागतो, पण उत्तर अजून येतं.