तबकडीचं अभ्यंगस्नान

सोमवारच्या सकाळच्या पॅसेंजरने आपण आमगावला परत जाणार, असं शामरावांनी शनिवारी जेवताना सांगून टाकलं आणि गुलाबरावने उचललेला घास परत ताटात ठेवला.

वडिलांना भिलाईत आणायला त्याने दोन वर्षं मनधरणी केली होती. आई गेल्यापासून शामराव आमगावला एकटेच राहत. रेल्वेत मुकादम म्हणून उभी हयात घालवलेला माणूस स्वतःच्या हाताने भात टाकून खात होता. गेल्या उन्हाळ्यात तापाने फणफणून ते खाटेवर पडून राहिले, आणि हे शेजारच्या मैनाबाईला कळलं ते केवळ अंगणातलं कुत्रं उपाशी ओरडायला लागलं म्हणून. तेव्हापासून गुलाबरावला रात्रीची झोप नीट लागत नव्हती. आता कुठे पंधरवडा झाला होता आणि म्हातारा निघालाच होता.

"कावून बाबा? काय कमी हाय इथं?"

"काईच कमी नाही. तेच तर सांगून राहिलो," शामराव म्हणाले. "नळाले पानी येते. बटन दाबलं का उजेड पडते. दूधवाला दारात येते. तुमचं समदं बेस चालून राहिलं. माझं काय काम इथं?"

वास्तविक एवढं स्पष्ट बोलल्यावर कुणाच्याही डोक्यात प्रकाश पडला असता. पण गुलाबरावचं डोकं लोखंडाच्या कारखान्यात कमावलेलं होतं. त्याने निष्कर्ष काढला की सोयी अजून कमी पडताहेत, आणखी एक पुरवली पाहिजे.

ती सोय घरात होतीच. त्याच्या हाताखाली काम शिकलेला एक रशियन इंजिनिअर मायदेशी परतताना आपला रेकॉर्ड प्लेअर त्याला देऊन गेला होता. म्हणजे खरं तर गुलाबराव त्या साहेबाच्या हाताखाली होता, पण आमगावला तो हे उलटं सांगत असे. रेकॉर्ड एकही नसल्यामुळे प्लेअर गेले सहा महिने भरतकामाच्या रुमालाखाली शोभेला ठेवलेला होता. आता शेजारचा भैयालाल लग्नाला म्हणून नागपूरला गेला होता आणि येताना भजनाच्या दोन रेकॉर्डी आणणार होता. त्याही नव्या तऱ्हेच्या, पडल्या तरी न फुटणाऱ्या.

रविवारी सकाळी भैयालाल आला. तो बालाघाटकडचा, प्लांटच्या रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये होता, आणि तापलेल्या लोखंडासमोर उभं राहून राहून घरातही मोठ्याने बोलायचा.

"दुकानवालेने बोला है, नई है तो भी बजाने के पहले साफ करना. कारखाने का चूरा रहता है."

"कशानं साफ करायची?"

"वो नहीं पूछा. गाड़ी का टाइम हो गया था."

गुलाबरावने बायकोच्या, अन्नपूर्णाच्या, जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेतला आणि पहिली तबकडी पुसायला घेतली. पण ती पुसावी तेवढी मळायला लागली. फडक्याचं सूत, उशीतला कापूस, खिडकीतून रोज येणारी भिलाईची लाल धूळ, सारं कुठून कुठून धावत येऊन तिच्यावर बसू लागलं. त्याने जोर वाढवला तसा कचराही वाढला. पाहता पाहता काळ्याभोर तबकडीला लव फुटली.

गुलाबराव प्लांटमध्ये यंत्रांना तेल आणि ग्रीस देणाऱ्या टोळीत होता. तिथे त्याचं चांगलं नाव होतं, कारण त्याच्या हद्दीतलं एकही यंत्र कधी कोरडं फिरलं नव्हतं. त्याने तबकडीकडे पाहिलं आणि रोग ओळखला.

"कोरडी हाय ना, म्हणून असं होऊन राहिलं. घासून घासून गरम होऊन राहिली बिचारी."

शिवणाच्या मशीनचं तेल काढून त्याने दोन्ही बाजूंना हलक्या हाताने चोळलं. तबकडी अशी चमकली की अन्नपूर्णाने तिच्यात पाहून कुंकू सारखं केलं. व्हरांड्यातल्या खाटेवर बसलेल्या वडिलांना बोलावून मानाने स्टुलावर बसवण्यात आलं. शामरावांनी टोपी नीट केली, हात जोडले, डोळे मिटले. गुलाबरावने सुई टेकवली.

रेकॉर्डवरच्या बुवांनी एक लांब आलाप घेतला आणि तेवढ्यावर सुई जी घसरली ती थेट शेवटच्या टाळांच्या गजरात जाऊन थांबली.

शामरावांनी डोळे उघडले. "झालं?"

"हो... म्हणजे..."

"भजनाचंबी प्रॉडक्शन वाढवलं का तुमच्या भिलाईनं?"

भैयालाल तोंड फिरवून हसला. गुलाबराव मात्र गोरामोरा झाला. उद्या सकाळची गाडी त्याच्या डोळ्यांपुढे दिसत होती. त्याने तेल पुसायचा प्रयत्न केला, तर ते पसरलं. अन्नपूर्णा इतका वेळ पाहत होती. तिने तबकडी त्याच्या हातातून काढून घेतली.

"तेलकट भांड्याचं काम माह्याकडं द्या. तुम्ही मशीनी पाहा."

"गरम पानी कावून घेतलं?" गुलाबरावने विचारलं.

"फोडणीची कढई मी थंड्या पान्यानं घासतो का?"

तिने परातीत कढत पाणी ओतलं, सोडा टाकला आणि तबकडी बुडवली. तेल गेलं, अगदी बोट लावलं तरी कुरकुर वाजेल इतकं गेलं. फक्त तबकडी बाहेर आली ती निखाऱ्यावर टाकलेल्या उडदाच्या पापडासारखी. एक कड वर, एक कड खाली, आणि मधेच एक फुगवटा.

अन्नपूर्णाचे डोळे भरून आले. "मामाजी, माह्या हातानं झालं हो."

"रडू नको बाई," शामराव म्हणाले. ते कधी स्टुलावरून उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले होते, ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आता भैयालालला स्फुरण चढलं. वाकडं झालेलं काहीही सरळ करणं हे त्याच्या मिलचं कामच होतं.

"गरम है ना अभी? बस. हमारे यहाँ लोहा गरम रहते-रहते ही सीधा करते हैं. भाभी, पोळपाट लाओ."

आणि त्याने खरोखर तबकडी पोळपाटावर घेऊन लाटायला सुरुवात केली. गुलाबराव पोळपाट धरून बसला. भैयालाल एका अंगाने लाटायचा, मग फिरवून दुसऱ्या अंगाने. तबकडी सरळ झाली यात वाद नाही. पण गोल राहिली नाही. तिचा आकार नवशिक्या मुलीच्या पहिल्या पोळीवर गेला.

"देखो, एकदम प्लेट," भैयालाल घाम पुसत म्हणाला.

ती लावून पाहण्यात आली. आतून जो आवाज निघाला तो ऐकून बाहेरच्या कडुलिंबावरचे कावळे उडाले.

"हे तर शंटिंग हाय," शामराव शांतपणे म्हणाले. "आमगाव यार्डात जुनं इंजन असंच बोंबलते."

मग गुलाबरावने निश्चयाने दुसरी रेकॉर्ड उचलली. म्हातारा उद्या जाणार तर किमान एक भजन ऐकून जाईल, एवढीच आता त्याची इच्छा उरली होती.

"आता अनुभव आला. हिले आधी कोमट पान्यात टाकू, मंग तेलाचा एकच थेंब..."

"खाली ठेव."

ह्या आवाजाने एके काळी चालत्या कामावरची अख्खी गँग रुळांवरून बाजूला होत असे. गुलाबरावने रेकॉर्ड खाली ठेवली. अन्नपूर्णाने परात खाली ठेवली. भैयालालने लाटणं पाठीमागे लपवलं.

"नवी हाय ना ही?"

"हो बाबा."

"मंग धुता कावून? नवी सून घरात आली का तिले कोनी कढत पान्यात बुडवते का?"

शामरावांनी रेकॉर्ड पाकिटातून अलगद काढली, तिच्यावर एक फुंकर मारली आणि प्लेअरवर ठेवून सुई टेकवली. भजन सुरू झालं. स्वच्छ, ठणठणीत, मृदंगाच्या प्रत्येक थापेसह सुरू झालं आणि पूर्ण वेळ चाललं. शेवटपर्यंत कोणी हललं नाही. अन्नपूर्णाने पदराने डोळे पुसले, आणि ते दुःखाने पुसले असं कोणी म्हटलं नसतं.

भजन संपल्यावर शामराव रेकॉर्ड आणि भोवती पडलेलं सगळं सामान गोळा करून आतल्या खोलीत गेले. खाटेखालून पत्र्याची ट्रंक ओढल्याचा आवाज आला तसा गुलाबराव उठला. तो दाराशी जाऊन पाहू लागला. शामराव धोतरं, बंड्या, कोट एकेक करून बाहेर काढत होते. रिकाम्या ट्रंकेत त्यांनी आधी रेकॉर्ड ठेवली. मग मशीनच्या तेलाची बाटली, सोड्याची पुडी आणि शेवटी, थोडा विचार करून, लाटणंही ठेवलं. कुलूप लावून किल्ली करदोट्याला अडकवली.

"बाबा, उद्याची गाडी..."

"कपडे कशात नेऊ? ट्रंक तर भरली." त्यांनी मुलाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मले वाटलं होतं, तू शहाना झाला. तू ड्यूटीवर गेला का ही धुईन, तो बाजूवाला लाटन. तुम्हाले असं सोडून मी जाऊ कसा?"

गुलाबराव कित्येक वर्षांनी बापाची बोलणी खात होता. त्याला इतकं बरं वाटलं की खाली मान घालून तो आणखी ऐकत उभा राहिला, पण शामरावांचं बोलून झालं होतं. अन्नपूर्णाने सासऱ्यांची धोतरं उचलली आणि भिंतीवरच्या खुंटीला टांगली. पोळ्या आज कशाने लाटायच्या हे तिने विचारलं नाही. ती भात टाकायला गेली.

तेवढ्यात भैयालाल दारातून डोकावला. आज पहिल्यांदाच तो हळू आवाजात बोलत होता.

"दादाजी, हमारा रेडियो भी महीने भर से खरखर करता है. ज़रा देख लेंगे क्या?"

शामरावांनी कोपऱ्यातल्या वहाणा पायात चढवल्या.

"पाहतो. पन आधी मले सांग, त्याले आतापावतर काय काय लावलं?"