भाऊसाहेबांची नजरपाहणी

"सहा आणे. फार तर साडेसहा. त्याच्यावर न्हाई जात."

चहाचा ट्रे घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. बाहेरच्या खोलीत बाबा आणि आमच्या खालच्या मजल्यावरचे भाऊसाहेब बसले होते, आणि ते सहा आणे मला लागले होते. पुण्यातल्या एका मॅनेजमेंट संस्थेनं मला एमबीएच्या मुलाखतीला बोलावलं होतं. आलेलं बोलावणं एवढं एकच. तिथं मला प्रवेश मिळण्याची शक्यता किती, असं बाबांनी विचारलं होतं.

"साडेसहा म्हणजे कमीच की हो," बाबा म्हणाले.

"पोरगी हुशार हाय, त्येचं चार आणे आधीच धरल्यात म्या. पण साहेब, ती बोलत न्हाई. अर्धा तास झाला मी येऊन, तिचा आवाज ऐकला का तुमी? चहा झाला का न्हाई, त्येबी कळंना."

चहा केव्हाच झाला होता. आता तो ट्रेमध्ये निवत होता आणि बाहेर नेऊन ठेवायचा मला धीर होत नव्हता.

भाऊसाहेब म्हणजे निवृत्त तलाठी. मूळचे पासलीचे, सगळी नोकरी डोंगरातल्या गावांमध्ये गेली. बायको गेल्यावर, स्टँड आणि दवाखाना जवळ हवा म्हणून भोरात आले आणि आमच्या खालच्या दोन खोल्यांत एकटे राहू लागले. तलाठ्याला गावाकडे भाऊसाहेब म्हणतात. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा विजेच्या बिलावर वाचलं आणि बिल चुकून आलंय असं समजून परत द्यायला निघाले होते.

तलाठ्याला एक काम असतं. पीक उभं असताना शेतात जायचं आणि यंदा किती पदरात पडेल ते ठरवायचं. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे. सरकारनं आण्यांचे पैसे करून जमाना झाला. भाऊसाहेब कागदावर पैसेच लिहायचे, पण डोक्यात आणे. निवृत्तीनंतर शेतं सुटली, आणे सुटले नाहीत.

स्टँडवर उभे असले की लोक खिडकीवर चौकशी न करता त्यांनाच विचारतात. "साडेनऊची नसरापूर? पाच आणे. रिक्षा बघा." शेजारच्या काकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ते मुद्दाम भेटायला गेले आणि म्हणाले, "डावा नऊ, उजवा सात." काकूंनी घाबरून फक्त डावाच करून घेतला. एका लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो. स्टेजवरच्या जोडप्याकडे बघून भाऊसाहेब बाबांना म्हणाले, "अकरा आणे. पोराची आई बघितली का?" मुलाचा मामा मागेच वाढत होता. आमच्या रांगेला जिलबी आली नाही.

मी बोलत नाही, त्यामुळे माझं लक्ष बरंच असतं. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. अनोळखी माणसाला भाऊसाहेब नऊ, दहा, अकरा असे कितीही आणे देतात. जवळच्या माणसाला मात्र आठाच्या वर कधीच चढू देत नाहीत. आईच्या पापडांना सात. बाबांच्या बढतीला साडेपाच. बढती झाली, तेव्हा भाऊसाहेबांनीच पेढे आणले. चुकल्याचं त्यांना जरासुद्धा वाईट वाटलेलं नव्हतं.

सहा आणे लागले त्या दुपारी मी मोबाईलवर भागाकार केला. साडेसदतीस टक्के. आता ही पाहणी त्यांनी केली कधी, असं कुणी विचारेल. तर गेले तीन आठवडे ते केव्हाही वर येत होते. "पाहणी सांगून करत न्हाईत. सांगितलं की लोक आदल्या दिवशी पाणी सोडून ठेवत्यात." मी कपडे वाळत घालत असले की मागून विचारायचे, "तुला मॅनेजर का व्हायचंय?" माझ्या हातातून चिमटे पडायचे.

"कॅटला किती पडले?"

"ब्याण्णव पर्सेंटाइल."

"ब्याण्णव टक्के! लई झाले की."

"टक्के नाहीत, भाऊसाहेब. म्हणजे शंभरातल्या ब्याण्णव जणांच्या पुढे."

त्यांनी थोडा विचार केला. "मंजी आठ जण तुझ्याबी पुढं हायेत. त्येंची पाहणी कुणी केली?"

इंटरनेटवर एक कॅल्क्युलेटर होता. दहावी, बारावी, पदवी, कॅट, सगळे आकडे भरले की तुमची शक्यता सांगायचा. मला त्यानं 'मध्यम' सांगितलं होतं. मी तो भाऊसाहेबांना दाखवला. मला वाटलं, तोलामोलाचा माणूस भेटल्याचा त्यांना आनंद होईल.

"ह्यानं तुला बघितलंय का?"

"नाही."

"मंग ही पाहणी बांधावरनं केल्याली हाय. बांधाकडंचं पीक कायम फसवं. मधी शिरावं लागतं. लोंबी हातात घिऊन दाणा दाबून बघावा लागतो, भरलाय का पोचट हाय." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "तुझ्या मधी शिरायलाच वाट न्हाई, पोरी."

हे खरं होतं. मी हायवेजवळच्या इंग्रजी शाळेत शिकले. शाळेत मराठी बोललं की बाई रागवायच्या, आणि घरी इंग्रजी बोललं की आजी हसायची. दोन्हीकडे गप्प बसणं सोपं होतं. मुलाखतीत तर अनोळखी चार माणसांसमोर, 'तुमच्याविषयी सांगा' या प्रश्नाला उत्तर द्यायचं होतं.

भाऊसाहेबांच्या शब्दाला बाबा मान देतात. त्या रात्री जेवताना ते म्हणाले, "सायली, बघ बाई. तुझं मन नसेल तर राहू दे. उगाच नकार घेऊन परत यायचं." खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. जायचं नाही असं मी ठरवून टाकलं.

तसं सांगायला दुसऱ्या दिवशी खाली गेले. एक वस्तूही परत करायची होती. मुलाखतीला सर्टिफिकिटं नेण्यासाठी भाऊसाहेबांनी त्यांचं जुनं दप्तर मला दिलं होतं. खाकी कापडाचं, बंदाचं, तलाठ्याच्या कागदांचा वास असलेलं. परत देण्याआधी माझं काही आत राहिलं नाही ना हे बघायला मी जिन्यातच त्याचे कप्पे चाचपले. सगळ्यात आतल्या कप्प्यात एक लांब पाकीट निघालं. डिंक वाळून त्याचं तोंड आपोआप उघडलं होतं. वर तिकिटं होती, शिक्का नव्हता. पत्ता पुण्यातल्या एका मॅनेजमेंट कॉलेजचा.

आत प्रवेशाचा अर्ज होता. दोन वेण्या घातलेल्या मुलीचा फोटो, खाली नाव: अलका. भाऊसाहेबांची मुलगी. मार्गासनीला दिलेली, आता दोन मुलांची आई. महिन्यातून एकदा स्कूटीवरून येते आणि वडिलांचं सगळं घर तासाभरात उलटंपालटं करून जाते. अर्जात एक प्रश्न होता, तुम्हाला हे शिक्षण का घ्यायचं आहे? मला ज्याचं उत्तर कधी जमलं नव्हतं, तोच. तिनं इंग्रजीत लिहिलं होतं, डिक्शनरी शेजारी ठेवून लिहितात तसं, एकेक अक्षर सुटं. आमच्या भागात भात चांगला पिकतो, पण तो विकता कुणालाच येत नाही. मला ते शिकायचं आहे.

एवढंच. दोन वाक्यं.

भाऊसाहेब ओट्यापाशी दूध तापवत होते. माझ्या हातातलं पाकीट त्यांनी पाहिलं आणि गॅस बंद केला. मी काही विचारलं नाही. मी विचारत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते बोलायला लागले.

"ती बी. कॉम. झाली तवाची गोष्ट. मी तालुक्याला मीटिंगला निघालो हुतो, म्हणाली, आबा, येवढं रजिस्टर करा. म्या हो म्हटलं." ते खुर्चीवर बसले. "पीक आठ आण्याच्या खाली लावलं की गावाला सवलत मिळती, म्हाईत हाय तुला? शेतसारा थांबतो, पोरांची परीक्षेची फी माफ हुती. म्या नोकरीभर कमीच लावलं. हात राखून. कुणाचं वाईट झालं न्हाई त्यात, झालं तर भलंच झालं. आपल्या माणसाला कमी लावावं, ही सवयच पडली बघ."

"आणि ताईंना?"

"पाच आणे लावले. पोस्टाच्या दारात हुबा राहून लावले. म्हटलं, खेड्यातली पोर, इंग्रजीचं वांदं. अर्ज जायाचा, नकार यायाचा आन् पोरगी खचायची. त्यापरीस गेलाच न्हाई तर नकारबी न्हाई. घरी येऊन सांगितलं, टाकला. दोन म्हयनं पोस्टमनची वाट बघत हुती. पार बांधापातूर जायाची. मंग एक दिवस जायाची थांबली. मला वाटलं, चला, सवलत मिळाली."

दुधावर साय धरत होती. ते तिकडेच बघत होते.

"तिला सांगायचं म्हून दरवेळी ठरवतो. खाली गाडी वाजली की तोंड मिटतं."

मग एकदम माझ्यावर खेकसले, "तू जा मुलाखतीला! माझं सहा आणे घिऊन घरात बसायचं न्हाई. नकार आला तर येऊ दे. आपला आपण जाऊन आणलेला असावा."

म्हणून मी गेले. पहाटे भोरच्या स्टँडवर ते मफलर गुंडाळून हजर होते. एसटी वेळेवर येईल का याबद्दल त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. मी खिडकीत बसल्यावर त्यांनी खालून बिस्किटांचा पुडा दिला आणि, "बोल बरं का तितं," एवढंच म्हणाले.

मी बोलले, पण थोडं. समोर चौघं होती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर निम्मं दिलं आणि निम्मं गिळलं. दुसऱ्याला बरं जमलं. एका बाईंनी मान हलवून काहीतरी लिहून घेतलं. परतताना एसटीत मी वाटभर त्या मान हलवण्याचा अर्थ लावत होते.

मे महिन्यात मेल आला. निवड झाली नव्हती. वेटिंग लिस्टवरही नाव नव्हतं.

बाबा भाऊसाहेबांना म्हणाले, "तुमचा अंदाज अगदी बरोबर निघाला हो." कुणीही खूश झालं असतं. भाऊसाहेब उठून उभे राहिले. "माझ्या अंदाजाचं काय घिऊन बसलाय," म्हणाले आणि चहा अर्धा टाकून खाली गेले.

त्या रविवारी अलकाताई आली. तिची मार्गासनीला भातगिरणी आहे. इंद्रायणी तांदळाच्या पाच-पाच किलोच्या पिशव्या भरून पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये ती स्वतः पोचवते. पिशवीवर तिचं नाव असतं आणि फोनवर ती व्यापाऱ्यांना असं बोलते की आमच्या जिन्यापर्यंत ऐकू येतं. खालून तिला माझी बातमी कळली असावी. आमच्यासाठी तांदळाची पिशवी खांद्यावर टाकून ती वर आली. मागून, कठड्याला धरत, भाऊसाहेब.

मी पलंगावर बसले होते. डोळे लपवायला उशीर झाला होता. अलकाताई पिशवी कोपऱ्यात ठेवून माझ्याशेजारी बसली. तिच्या हातांना कोंड्याचा वास होता.

"रडायचं न्हाई गं, येडे. माझं बघ की. म्याबी ह्याचाच फॉर्म भरला हुता, तुला सांगते. तुझ्यायेवढी असताना."

भाऊसाहेब दारातच थांबले.

"तुला निदान बोलावलं तरी. समोर बसवलं, विचारलं. मला साधं उत्तरबी न्हाई आलं. कागद बघूनच बाजूला टाकला आसंल." ती हसली. "लई वाईट वाटलं हुतं. शाई संपूस्तवर घोटून घोटून लिव्हलं हुतं म्या. मंग म्हटलं, त्येंना कळत आसंल की. शिकल्याली माणसं. आपली तेवढीच लायकी. एकदा ती कळली ना, की मंग तरास हुत न्हाई. तुलाबी न्हाई हुणार."

"अलके," भाऊसाहेब म्हणाले.

"काय आबा?"

ते दाराची चौकट धरून उभे होते. स्वयंपाकघरात आईनं नळ बंद केला.

"काय न्हाई. तांदूळ... उतरवू का राहिल्याला?"

"उतरवला की कवाच. बसा तुमी, दम लागलाय किती."

ते बसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांग, असं ते म्हणत नव्हते, आणि नको, असंही म्हणत नव्हते. तीन आठवडे या माणसानं माझी परीक्षा घेतली होती, पण इतक्या घाबरलेल्या डोळ्यांनी त्यानं कधी माझ्याकडे बघितलं नव्हतं. अलकाताईचा हात माझ्या पाठीवर फिरत होता. आपलं जुनं दुःख ती माझ्या उपयोगी पाडत होती, आणि ते दुःख खोटं होतं.

मी उभी राहिले. शाळेत उत्तर द्यायचं तर उभं राहावं लागे, ती सवय.

"ताई," मी म्हणाले, "तुम्हाला कुणी नाकारलं नव्हतं. तुमचा अर्ज तिथं पोचलाच नाही. मी वाचलाय तो. तिथं मी असते, तर पहिल्यांदा तुम्हाला घेतलं असतं."