मनुबाईची टोपली नापास

कल्याणच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची खोली होती आणि त्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायचा नियम होता. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट, तेव्हा असे नियम सगळीकडेच होते. धुळीनं मशीन बिघडतं. मशीनला उकडतं म्हणून एसी, मशीनची झोपमोड होऊ नये म्हणून जांभळ्या कापडाची टोपरी, दसऱ्याला हार, कुंकू, पेढा. एवढा सगळा मानपान झाला, फक्त त्याला हात लावायचं तेवढं राहून गेलेलं. शिपाई चंदूमामा दारात स्टूल टाकून बसायचा आणि पोरांचे तळवे बघून आत सोडायचा. आत गेलेली पोरं हाताची घडी घालून उभी राहायची आणि देवळातल्यासारखी मागच्या पावलांनी बाहेर यायची.

प्रोग्राम काय असतो हे पोरांना पाठ होतं. म्हणजे आरतीसारखं पाठ. मधेच कोणी थांबवलं तर पहिल्यापासून म्हणायला लागायचे. कधी कोणी धाडस करून बटण दाबलंच, तर मशीन हिरव्या अक्षरात इंग्रजीतून काहीतरी गुरगुरायचं. पोरगं म्हणायचं, "मॅडम, रागावलं वाटतं," आणि टोपरं परत घालायचं.

ह्या मॅडम म्हणजे जया नाखवा. कोपरीची कोळ्याची पोर. आई मनुबाई बाजारात मासळी विकायला बसायची. जया कॉलेजात हंगामी होती, म्हणजे कॉलेज तिला दर जूनला नेमायचं आणि दर एप्रिलला विसरायचं. पण पोरीला शिकवायची खाज. तिनं विचार केला, हे मशीन अशा भाषेत रागवलं पाहिजे की पोराला घरच्यासारखं वाटेल. मग सुट्टीभर खपून तिनं एक प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं 'टोपली'.

टोपलीत काय, तर पडद्यावर लहानमोठे बांगडे उलटेसुलटे पडलेले. ते ओळीनं लावायचे. पण हातानं नाही, हुकूम लिहून. शेजारचे दोन बघ, डावा मोठा असेल तर अदलाबदल कर, पुढे सरक. मशीन बैलासारखं सांगाल तेवढंच करणार. थांब म्हणायला विसरलात तर अदलाबदल करतच बसणार. मग मासे काळे पडणार, कोपऱ्यातून मांजर येणार, आणि खाली अक्षरं उमटणार. अक्षरं इंग्रजी, तोंड मनुबाईचं: 'आरं सोन्या, थांब कोन सांगनार, तुजा आजा? मासं वास मारायला लागलं!'

मनुबाईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "आगो, माजं तोंड त्या डबड्यात घातलंस? घरात वरडतंय तेवढं कमी हाय काय, आता कल्यानला पन वरडू?"

पण पोरं वेडी झाली. पहिल्यांदा मुद्दाम चुकायची, शिव्या ऐकायला. मग हळूहळू कळायला लागलं की मांजर का येतं. मग मांजर हाकलायच्या ईर्ष्येनं हुकूम बरोबर लिहायला लागली. सगळे मासे ओळीत लागले की मनुबाई एवढंच म्हणायची, 'हां.' त्या एका 'हां'साठी पोरं चपला हातात घेऊन रांग लावायची.

कॉलेजात पोरं हसतायत ही बातमी प्राचार्य चांगदेव सरांपर्यंत गेली. माणूस भला, पण घाबरट.

"जया, हे रीतसर नाही," ते म्हणाले. "शिकवायचं साधन म्हटलं की त्याचं मूल्यमापन झालं पाहिजे. ठाण्याहून समिती येईल. पास झालं तर जिल्ह्याच्या शाळांत लागेल आणि तू कायम होशील."

"आणि नापास झालं तर, सर?"

"तर पुसून टाकायचं. नापास साधन मशीनमध्ये ठेवता येत नाही. मशीनला वळण लागतं."

समिती आली. अध्यक्ष प्रमोदिनीबाई, शिक्षणशास्त्रातल्या डॉक्टर, आणि सदस्य शिवरामसाहेब, ज्यांनी कॉम्प्युटर लांबून पुष्कळ पाहिलेला. दोघांनी चपला काढल्या. जयानं टोपली चालवून दाखवली.

"मासे?" शिवरामसाहेबांनी रुमाल नाकाला लावला. "गुरुवारी पण?"

"साहेब, चित्रातले आहेत."

"चित्रातला गुरुवार मोडतो तो मोडतोच."

जयानं मासे काढून भाज्या घातल्या. समिती परत आली. भोपळा परीक्षेच्या साधनात अशुभ, कांदा काही घरांत चालत नाही, कारलं नकारात्मक. सरतेशेवटी ठरलं की 'वस्तू' ठेवाव्यात. दिसायला चौकोनी, जातपात नसलेल्या.

मग तोंडाचा प्रश्न आला. सरकारी खर्चाचं मशीन विद्यार्थ्याला 'सोन्या, तुजा आजा' असं म्हणू शकत नाही. जयानं मनुबाई काढली आणि तिथं घातलं: 'आपली कृती विचाराधीन आहे, कृपया पुनर्विचार व्हावा.' पोरं ते वाचून परत टोपरं घालायला लागली.

तरी पण चुकायचीच. प्रमोदिनीबाईंनी चष्मा काढून पुसला. "मिस नाखवा, मी शांतपणे विचारते. साधन शिकवण्यासाठी आहे ना?"

"हो बाई."

"मग त्यात विद्यार्थी चुकतात कसे? चुकतात याचा अर्थ साधनानं शिकवलेलं नाही. चूक ही साधनातली त्रुटी आहे. ती काढा."

आता जया काही म्हणणार तेवढ्यात चांगदेव सरांनी टेबलाखालून तिचा पाय दाबला. एप्रिल जवळ आला होता. जयानं त्रुटी काढली. म्हणजे काय केलं, तर कुठलंही बटण दाबा, पडद्यावर येणार 'शाब्बास! बरोबर!' बटण नाही दाबलं तरी थोड्या वेळानं येणार, कारण लाजऱ्या मुलांवर अन्याय नको. समितीनं साधनाचं नावही बदललं: संगणकीय क्रमवारी अध्ययन-साहाय्यक प्रणाली. निकाल शंभर टक्के लागला.

झालं असतं तिथंच. पण शास्त्र म्हणून एक गोष्ट आहे. साधनानं फरक पडला हे दाखवायला दोन गट लागतात, एक साधन वापरलेला आणि एक न वापरलेला. शहाड-खडवलीकडची पोरं उशिरा नाव घालून आलेली, त्यांचा बिनसाधनाचा गट केला. दोन्ही गटांची परीक्षा घेतली. परीक्षा कशावर? प्रणालीवरच, कारण ती निःपक्षपाती. बिनसाधनाची पोरं बसली, एकानं कोपर टेकलं, शाब्बास. दुसरा शिंकला, शाब्बास. दोन्ही गट शंभर टक्के, फरक शून्य.

शिवरामसाहेब लालबुंद झाले. "ह्या पोरांना कोणीतरी शिकवलंय!"

"नाही हो साहेब," चांगदेव सर म्हणाले, "आमच्याकडे तशी पद्धत नाही."

तरी हुकूम निघाला. पुढच्या परीक्षेपर्यंत बिनसाधनाच्या गटाला कुठल्याही मार्गानं ज्ञान होऊ देऊ नये. पोरं जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत बसवली. मोडकी बाकडी, पंखा नाही, एसी नाही, चपला पायातच. देखरेखीला जया.

त्याच अडगळीत एक जुनं मशीन पडलेलं, टोपरं नसलेलं. जयानं ते पुसलं, लावलं आणि फ्लॉपीवर जपून ठेवलेली मूळची टोपली त्यात घातली. बांगडे, मांजर, मनुबाई, सगळं.

चंदूमामाला रोज खबर द्यायला सांगितलेलं. तो जायचा आणि खरं तेच सांगायचा: "साहेब, काय शिकत नाहीत. नुसती हसतात."

"उत्तम," शिवरामसाहेब म्हणायचे.

शेवटच्या तपासणीला समिती वरच्या खोलीत बसली होती. तिथं पोरं ओळीनं शाब्बास होत होती आणि जांभया देत होती. खालून एवढा मोठा खिदळण्याचा आवाज आला की प्रमोदिनीबाई तशाच उठल्या. जिना उतरून अडगळीत शिरल्या, मागोमाग शिवरामसाहेब. खडवलीचा काळुराम मशीनपुढे बसला होता आणि सगळी पोरं त्याच्या खांद्यावर लटकून ओरडत होती, "अरे थांब सांग त्याला, मांजर आलं, आलं, आलं!"

बाईंना बघून पोरं त्याच्या खांद्यावरून उतरली.

"उठ," बाई काळुरामला म्हणाल्या. "मला बघू दे."

बसल्या. चष्मा सावरून हुकूम लिहिले. मासे हलले, हलत राहिले, काळे पडले. मांजर आलं. मनुबाई म्हणाली, 'आरं सोन्या, शिकलेला दिसतोस, मंग मासं का कुजवतोस?'

मग बाईंच्या पोटातून कसलासा आवाज आला. त्या हसत होत्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी. "परत," त्या म्हणाल्या. परत चुकल्या. काळुराम न राहवून म्हणाला, "बाई, शेवटला मासा झाला का ते बघायला सांगा ना त्याला." बाईंनी सांगितलं. मासे टपाटप ओळीत लागले.

'हां.'

प्रमोदिनीबाईंनी टाळी वाजवली हो, लहान पोरीसारखी! शिवरामसाहेब सुद्धा नाकावरचा रुमाल काढून म्हणाले, "मी बघू?" त्यांच्या माशांना तर मांजरानं पण तोंड लावलं नाही.

जया हसायला लागली. वाटलं, झालं, टोपली तरली.

समिती वर गेली, चहा प्याली आणि अहवाल लिहायला बसली. शिवरामसाहेब घसा खाकरून म्हणाले, "बाई, एक अडचण आहे. आपण चुकलात."

"तुम्ही पण."

"तेच. तज्ज्ञ चुकतील असं धरता येत नाही. म्हणजे साधन चुकीचं."

जया काकुळतीला आली. "पण बाई, तिसऱ्या वेळेला तुम्हाला आलं ना?"

"आलं गं," बाई हळूच म्हणाल्या. "खरंच आलं. पण अहवालात तिसऱ्या वेळेचा रकाना नाही."

चांगदेव सरांना कधी नव्हे तो कणा सापडला. म्हणाले, पोरं पालकांची आहेत, त्यांनाच ठरवू द्या. दोन खोल्या दाखवू. वर प्रणाली, खाली टोपली. ज्या खोलीत पालक नावं घालतील ते साधन राहील, दुसरं पुसायचं. समिती कबूल झाली, जबाबदारी गेली म्हणून.

जया त्या दिवशी खुशीत कोपरीला गेली. आईला म्हणाली, "आईबापांना कळतं गं. ते काय समिती आहेत?"

मनुबाई कोळंबी सोलत राहिली.

रविवारी पालक आले. डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, सगळीकडून. वरच्या खोलीत चपला काढून गेले, पोरगं शाब्बास झालेलं बघितलं, माना हलवून खाली आले. आणि खाली जी काय धमाल उडाली! बाप मांडीवर थापा मारून हसले, आया मशीनला उलट उत्तरं द्यायला लागल्या. डोंबिवलीचे एक बँकवाले गृहस्थ तर उठेचनात. मांजराशी चार वेळा हरून शेवटी मनुबाईचा 'हां' मिळाला तेव्हा त्यांनी जयाचा हातच धरला. "मॅडम, आयुष्यात पहिल्यांदा कळलं हो हे मशीन काय करतं! कमाल! कमाल आहे तुमची!"

"मग नाव घालू ना तुमच्या बंड्याचं खाली?"

"छे छे," गृहस्थ डोळे पुसत म्हणाले. "त्याचं वरच घाला. वर शंभर टक्के आहेत."

सगळ्यांनी तसंच केलं. हसून दमलेले, गाल दुखतायत, आणि जिना चढून वर. खडवलीच्या काळुरामचा बाप सुद्धा. तो म्हणाला, "बाई, आमी काय, सगळी करतात तसं."

जयानं टोपली पुसली. त्याच आठवड्यात जया कायम झाली.

आता तुम्ही चुकचुकाल, म्हणाल काय मेले पालक असतात. चुकचुकू नका. त्या बॅचचा निकाल लागला तेव्हा तुम्ही वाटलेले पेढे आम्ही पण खाल्ले होते, चांगले होते. ती पोरं लागली सगळी नोकरीला. लाइटच्या बिलावर तुमच्या नावापुढे भलताच आकडा येतो, तुम्ही खिडकीपाशी जाऊन बोंबलता, आणि आतला मुलगा स्क्रीनकडे बघून शांतपणे सांगतो की इथं तर बरोबर दाखवतंय. त्याच्याशी भांडू नका. घरचंच पोर आहे.