पूनमचं वजन

आमच्या गावात अंगणवाडीतल्या मुलाचं वजन वयाच्या तक्त्यापेक्षा जेवढं कमी भरतं, तेवढं त्याच दिवशी दिवेलागणीला गावातल्या कुणातरी मोठ्या माणसाच्या अंगातून जातं. कुणाच्या अंगातून, ते आधी सांगता येत नाही. अंगातल्या कुठल्या भागातून, तेही काट्याच्या मर्जीवर. जातं मात्र जेवढ्यास तेवढंच. मापात पाप नाही.

हे सुरू झालं तेव्हा गाव खूश होतं. पहिल्याच महिन्यात सोसायटीच्या चेअरमनचं पोट उतरलं आणि त्यांनी पेढे वाटले. दुसऱ्या महिन्यात माळावरच्या वस्तीतलं एक पोर पावशेर-अर्धा किलो कमी भरलं आणि गुरवाचा उजवा हात मनगटापासून गेला. रक्त नाही, दुखणं नाही. आरती चालली होती आणि घंटा वाजायची थांबली, एवढंच. त्या दिवसापासून गावात कुणी पेढ्यांचं नाव काढत नाही.

ग्रामसेवक म्हेत्रे भाऊसाहेबांनी तालुक्याला कळवलं. तिथून एक माणूस आला, काटा तपासला आणि काटा बरोबर आहे असं सांगून चहा पिऊन गेला. तो चुकतो असं आमचंही म्हणणं नव्हतं.

माझी गावात पिठाची गिरणी आहे. सगळ्यांचे डबे माझ्याकडे येतात, त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतं ते मला न विचारता कळतं. म्हणून सांगतो, भीतीनं हे गाव जेवढं सुधारलं तेवढं कीर्तनानं सुधारलं नव्हतं. ज्या वस्तीकडे कुणी मान वळवून बघत नसे, तिथं माणसं सकाळी उठून विचारायला जाऊ लागली, "वैनी, पोरानं अंडं खाल्लं का?" ज्या बापाला काम नव्हतं त्याला काम मिळालं. जो पिऊन पडायचा त्याला चार जण धरून देवळात बसवू लागले. लहान मूल असलेल्या घराचं दळण मी फुकट करू लागलो. दानधर्म म्हणून नव्हे. मला माझे गुडघे प्रिय आहेत.

पण ही सगळी माया पटावरच्या पोरांपुरती होती. ओढ्यापलीकडे वीटभट्टी आहे. दिवाळी झाली की हिंगोलीकडून कुटुंबं ट्रक भरून येतात आणि वैशाखात जातात. त्यांची पोरं दिवसभर विटांच्या सावलीत बसलेली असत. त्यांना कुणी पटावर घेत नसे. पटावर नाही त्याचं वजन नाही, वजन नाही त्याची तूट नाही. आम्ही वाईट माणसं नव्हतो. भट्टीवरची एखादी बाई विटांची पाटी भरून उभी राहिली आणि "जरा हात लावा" म्हणाली, तर चेअरमनसुद्धा मोटारसायकल थांबवून पाटी उचलून तिच्या डोक्यावर देत. डोक्यावर ओझं चढवायला हात लावायला आमच्याकडे वैऱ्यालाही कुणी नाही म्हणत नाही. पोरं तेवढी पटावर नकोत.

मागच्या वर्षी मार्गशीर्षात अनुसया नावाची बाई अंगणवाडीच्या दारात येऊन उभी राहिली. नवरा-बायको दोघंही भट्टीवर. कडेवर तीन वर्षांची मुलगी होती, पूनम.

"ताई, लेकराला खिचडीचा वास आला. रडायली," ती म्हणाली. "थोडी देता का?"

सेविका कुंदाताई दारात क्षणभर थांबल्या. मग त्यांनी खिचडी वाढली. जे पोर अंगणवाडीत जेवलं त्याचं नाव पटावर घ्यावंच लागतं. त्यांनी घेतलं. दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं आणि माझी गिरणी त्या दिवशी बंद राहिली, कारण दळण घेऊन यायला कुणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

संध्याकाळी देवळात सभा बसली. पोरीचा अंदाज घ्यायला मला सांगितलं, कारण पोतं हातात घेतल्यावर मला त्याचं वजन कळतं. मी पूनमला उचललं. तिनं माझ्या खिशातलं पेन धरलं. मी तिला खाली ठेवलं आणि म्हणालो, "चार किलो तरी कमी हाय."

भाऊसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "चार किलो म्हणजे पाय धरला तर गुडघ्याखालचा. हात धरला तर खांद्यापासून."

"आणि डोकं?" मागून कुणीतरी विचारलं.

"डोकंही साधारण तेवढंच भरतं," भाऊसाहेब म्हणाले.

बसल्या जागी प्रत्येकाचा हात आपापल्या मानेवर गेला होता. माझाही.

"नाव काढून टाका," चेअरमन म्हणाले.

"गाव सोडल्याशिवाय नाव कमी होत नाही," कुंदाताई म्हणाल्या.

"मग गाव सोडायला लावा."

भट्टीचा मालक हात जोडून उठला. त्याची भट्टी पेटली होती, आणि पेटलेली भट्टी मध्येच सोडता येत नाही. डोकं त्याचंही जाऊ शकत होतं, पण भट्टी आज जात होती. महिन्याच्या वजनाला आठवडा होता. तेव्हा पोरीला खायला घालायचं ठरलं.

कुंदाताईंनी बजावलं की पातळ पेज द्या, चमच्या-चमच्यानं, दिवसातून पाच-सहा वेळा. पण भ्यालेल्या माणसाला चमचा दिसत नाही, पातेलं दिसतं. दुसऱ्या दिवसापासून ओढ्यापलीकडे रांग लागली. कुणी शिरा नेला, कुणी साय. माझी बायको हौसा बाळंतिणीचे डिंकाचे लाडू घेऊन गेली. अनुसया नको नको म्हणत होती, पण गाव ऐकण्याच्या पलीकडे गेलं होतं. अन्नाला मुकलेलं पोट ते. पूनमला उलट्या लागल्या, मग जुलाब. तीन दिवसांनी मी तिला पुन्हा उचललं, तेव्हा तिनं पेन धरलं नाही. ती आणखी हलकी झाली होती.

"पोर गेलं तर?" चेअरमननी भाऊसाहेबांना हळूच विचारलं.

"तर तक्त्यातलं सगळंच वजन कमी भरलं, असं धरावं लागेल," भाऊसाहेब म्हणाले.

एका माणसातून तेवढं गेल्यावर त्या माणसात काय उरतं, याचा मी हिशेब करायला लागलो आणि मध्येच सोडून दिला.

वजनाच्या दिवशी सकाळी सोनारानं शिशाचे मणी ओवलेला करदोडा आणला. लेकराच्या कमरेला करदोडा असतोच, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही, असा त्याचा विचार. आम्ही तो पूनमच्या कमरेला बांधला. पोरगी उभी राहायला गेली आणि मटकन खाली बसली. अनुसयानं गाठ सोडली आणि करदोडा सोनाराच्या हातात दिला.

"हे तुमी बांधा," ती म्हणाली. "लेकरू उचलायला आधीच जड झालंय तुमाला."

पूनमला झोळीत बसवून काट्याला टांगलं. काटा हलला आणि थांबला. तूट चारावरून पाचाकडे सरकली होती. कुंदाताईंनी आकडा लिहिला, आणि बोलायला कुणी थांबलं नाही. ऊन कलायच्या आत गावातली सगळी दारं लागली.

मी गिरणीत पोत्यांच्या मध्ये बसलो होतो. पोत्यांचा काही उपयोग नाही हे मला माहीत होतं. हौसा समोर बसून तांदूळ निवडत होती, पण खडे तांदळात टाकत होती आणि तांदूळ खाली. फळीच्या फटीतून देवळापुढचा पार दिसत होता. तिथं अनुसया पोरीला घेऊन एकटीच उभी होती. तीही आता गावातल्या मोठ्या माणसांत मोडत होती. पाळी तिच्यावरही येऊ शकत होती.

मग तिचा आवाज आला. भट्टीवर पाटी भरल्यावर यायचा तसाच, ना मोठा ना बारीक.

"कुनी हात लावता का वो? जरा हात लावा."

हौसानं सूप खाली ठेवलं.

"कुठं निघालीस?" मी विचारलं.

"हात लावाय."

"ती काय पाटी हाय व्हय?"

"वझं हाय न्हवं?" ती म्हणाली. "मग झालं तर."

ती दार उघडं टाकून गेली. मी बसून राहिलो. मग वाटलं, दिवेलागण होईल आणि इथं एकट्यात माझं डोकं जाईल, तेव्हा बघायलाही कुणी नसेल. त्या भीतीनं उठलो, दुसरं काही नाही. बाहेर आलो तर एकेक दार उघडत होतं. हजारभर माणसं पाराकडे येत होती, एकमेकांकडे न बघता.

"हिच्या बापाचं डोकं जाईल नाहीतर माहं," अनुसया हौसाला सांगत होती. "माहं गेलं तर हिला कोन बघल?"

हौसानं पूनमच्या पाठीला हात लावला. मग मी. जागा पुरेना, तेव्हा मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्याला हात लावले. गुरवानं डावा हात लावला. भाऊसाहेब म्हणत होते की अशी कुठं तरतूद नाही, आणि म्हणता म्हणता त्यांनीही माझ्या खांद्यावर हात ठेवला. सोनार आणि चेअरमन आले नाहीत असं मला वाटलं होतं. ते अगदी मागे होते.

देवळात दिवा लागला. माझ्या हाताला गार वाऱ्यासारखं काहीतरी लागून गेलं. सगळ्यांनी आधी मानेवर हात नेला, मग एकमेकांकडे बघितलं. डोकी जागच्या जागी होती. प्रत्येकाच्या एका करंगळीचं वरचं पेर तेवढं गेलं होतं. अनुसयाचंही. पूनम झोपली होती. बायका घरी जाऊन चुली पेटवायला लागल्या, कारण जेवणवेळ झाली होती.

त्यानंतर पूनमला कुंदाताई पेज द्यायच्या, चमच्या-चमच्यानं. गावातलं कुणी पातेलं घेऊन गेलं नाही. भट्टीवरची बाकीची पोरंही पटावर आली. दर महिन्याला पारावर जमायचं आणि हात लावायचा, असं होऊन गेलं. कधी नख जायचं, कधी नुसते केस. पाडव्यापर्यंत पूनम तक्त्यात बसली. वैशाखात ट्रक त्यांना घेऊन गेला. आता आमच्याकडे सोयरीक जुळवताना करंगळी बघतात. अख्ख्या करंगळीच्या घरात कुणी मुलगी देत नाही.

यंदा दिवाळीनंतर ट्रक आले ते दोन आले. कुंदाताई पट घेऊन रस्त्यावरच उभ्या होत्या. आम्ही सगळे ओढ्याकाठी जमलो. पोरं उतरत होती, आणि उतरायची संपत नव्हती. माणसं गुपचूप आपल्या हातांकडे बघत होती. मीही बघितलं.

पूनम माझ्या अंगावर उडी मारून उतरली. मी तिला झेललं आणि कमरेत कळ आली. मला फार बरं वाटलं.

तिच्या मागं फळीवर अनुसया उभी होती. हातात लुगड्याचं एक गाठोडं होतं. मला ते रिकामंच वाटलं. मग ते हललं.

"भाऊ," ती वाकून म्हणाली, "जरा हात लावा."

मी आधी बोटं मोजली. मग हात लावला.