पंचफुलाताईंच्या पापण्या

त्या दिवशी पंचफुलाताई आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांची डावी पापणी निळी होती आणि उजवी हिरवी. वय सत्तरीच्या पुढचे. बैठकीतल्या भिंतीला पाठ टेकून त्या ताठ उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पाहा भाऊ. कोणता?"

मी वर्तमानपत्र घडी करून ठेवले. निळ्याने कोणी ठोसा मारल्यासारखे दिसते आणि हिरव्याने ती जखम चिघळल्यासारखी, असे त्यांना सांगितले.

"हां! असं बोला," असे समाधानाने म्हणून, पदराने दोन्ही रंग पुसत त्या परत गेल्या.

पंचफुलाताई आमच्या शेजारी, भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. हिंगणघाटातल्या सरकारी दवाखान्यात त्या परिचारिका होत्या. लग्न केले नाही. निवृत्तीला पुष्कळ वर्षे झाली, तरी त्यांच्या बोलण्यातून दवाखाना गेलेला नाही. वरण शिजायचे राहिले तर ते "ऑब्झर्वेशनमंदी" असते. मी सकाळी दोन शब्द कमी बोललो, तर माझ्या सुनेला खिडकीतून विचारणा होते, "पेशंट सिरियस हाय काय वो?"

त्यांना फोटो काढून घ्यायचा होता; मरणानंतर भिंतीवर लावतात तो. त्यांची थोरली बहीण वारली, तेव्हा घरात तिचा एकही फोटो सापडेना. अखेर कुणाच्या लग्नातल्या घोळक्यातून तिचा चेहरा कापून मोठा केला. त्यात तिचे डोळे मिटलेले होते. "जलमभर सगळ्यांसाठी जागली माही बहीण," पंचफुलाताई सांगत, "अन् फ्रेममंदी कायमची झोपून राह्यली." आपले तसे होऊ नये, आपले डोळे जागे दिसावेत, एवढाच त्यांचा हट्ट होता. पापणीला योग्य रंग लावला की डोळे उठून दिसतात, असे सुनेने त्यांना सांगितले आणि आपली रंगांची डबी दिली. तेथून आमच्या घरातली शांतता संपली.

रोज दोन पापण्या, दोन रंग. पिवळ्याचे निदान त्यांनी स्वतःच केले: "कावीळ." गुलाबी लावला त्या दिवशी आरशात पाहून म्हणाल्या, "डोळे आले." करड्याला मी नापास करण्याआधीच, "याले ऑक्सिजन लावा," म्हणून मोकळ्या झाल्या. सून प्रत्येक रंगाला "छान दिसतं, मावशी" म्हणे. त्यामुळे तिचे मत पहिल्याच आठवड्यात बाद झाले. "तुमच्या तोंडातून चांगलं निघतच नाई," त्या मला म्हणाल्या. "म्हून तुम्हालेच विचारते."

अट एकच होती. परीक्षा त्याच भिंतीपाशी व्हायची. अंगणात उजेड अधिक आहे, असे मी सुचवून पाहिले. "नाई. इथंच." भिंत पिस्ता रंगाची, रिकामी, तीत पाहण्यासारखे काहीही नाही. याच सुमारास त्याच भिंतीतल्या खिडकीखाली रंगाचा एक पापुद्रा निघालेला दिसला. सुनेने ओलीला दोष दिला.

शेवटी भाजलेल्या तुरीसारखा तपकिरी रंग टिकला. त्यात मला काही वाईट सापडले नाही. फोटोच्या दिवशी मलाही बाजारातल्या स्टुडिओत जावे लागले, कारण "पक्कं सांगायले" कोणीतरी हवे होते.

"मावशी, कम्प्युटरवर दहा वर्षं कमी करून देऊ?" फोटोग्राफरने विचारले.

"कायले कमी करतं बापा? लोक म्हणतीन, जवान बाई मेली कशानं?"

मग त्या आरशापुढे बसल्या. पर्समधून कागदाची पुडी काढली, पुडीतून पिस्ता रंगाचा एक पापुद्रा काढला आणि पापणीशेजारी धरून दोन्ही रंग जुळतात का ते पाहू लागल्या.

"हा आमच्या भिंतीचा आहे," मी म्हणालो.

"हो."

"कशाला काढलात?"

आरशावरची नजर त्यांनी काढली नाही. "माह्या खोल्या भाड्याच्या. मी गेली का मालक चुना मारते. भाच्याचा पुण्याले फ्लॅट हाय, तिथं भिंतीले खिळा ठोकू देत नाई म्हणते. मंग हा फोटो लावाव कुठं?" त्यांनी पापुद्रा पुन्हा पुडीत ठेवला. "तुमची भिंत रिकामी दिसली. तिच्यावर शोभते का पाह्यत होती. विचारणारच होती, पण तुम्ही फटकन नाई म्हणता."

फोटोग्राफर खोळंबला होता.

"तपकिरीच ठेवा," मी म्हणालो. "पिस्त्यावर तो बरा दिसतो."

फोटोत डोळे उघडे आले.

दिवाळीआधी घर रंगवायला काढले. सुनेने बैठकीसाठी फिकट जांभळा निवडला होता. खिडकीची भिंत पिस्त्याचीच राहील, असे मी रंगाऱ्याला सांगितले.

"काऊन, बाबा?" सुनेने विचारले.

"तिथे ओल नाही," मी म्हणालो.

काम संपले त्या संध्याकाळी पंचफुलाताई आल्या. तीन जांभळ्या भिंतींकडे त्यांनी पाहिलेही नाही. पिस्त्याच्या भिंतीवर, पापुद्रा निघाला होता तेथे, बोट फिरवले.

"खिळा ठोकून ठेवता काय, भाऊ?"

"नाही," मी म्हणालो. "त्याची घाई नाही."